चिठ्ठी कुणाची, भेट कुणाला? दिवाळीची भेट-अदलाबदल ऑनलाइन जमवताना



दिवाळी दीड-दोन महिन्यांवर आली की ब्रिटनमधल्या आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास येतो. यंदा एकमेकांना काय द्यायचं? कुणी म्हणतं, काहीच नको, उगाच खर्च. कुणी म्हणतं, मुलांना तरी काहीतरी देऊ. मग पंधरा दिवस नुसते अंगठे आणि हसरे चेहरे येत राहतात, आणि शेवटी ज्यांची आधीपासून दाट ओळख आहे ते आपापसात देऊन मोकळे होतात. गटात नव्याने आलेलं कुटुंब, शिकायला आलेला मुलगा, एकटी राहणारी नर्स, हे मात्र तसेच राहून जातात.

यावर एक साधा उपाय आहे. इथल्या ऑफिसांत डिसेंबरमध्ये 'सीक्रेट सांता' खेळतात, तो तुम्ही पाहिला असेल. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि फक्त त्या व्यक्तीला भेट द्यायची. कोण देतंय ते शेवटपर्यंत गुपित. स्पेनमध्ये याला 'अदृश्य मित्र' म्हणतात, ब्राझीलमध्ये 'गुप्त मित्र'. आपल्याला चिठ्ठी काढण्याची सवय भिशीमुळे आहेच, आणि वाण लुटण्याची सवय संक्रांतीमुळे. तेव्हा हे काही परकं नाही. आज आपण पाहू या, की सगळे वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या देशांत असताना हा खेळ ऑनलाइन कसा जमवायचा आणि तो कुठे अडतो.

आधी हिशोब

समजा, गटात वीस कुटुंबं आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाला भेट द्यायची म्हटलं, तर एका घराला एकोणीस भेटी घ्याव्या लागतात. एकूण भेटी होतात ३८०. दहा पौंडांची भेट धरली तरी एका घराचा खर्च १९० पौंड, आणि टपालखर्च वेगळा. चिठ्ठी काढली तर एकूण भेटी फक्त वीस. प्रत्येक घराने एकच भेट घ्यायची, पण ती नीट विचार करून.

दुसरा फायदा पैशांपेक्षा मोठा आहे. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कुणी किती दिलं ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढंच परत करायचं. चिठ्ठीच्या खेळात ही वही आपोआप बंद होते, कारण तुम्ही ज्यांना देता त्यांच्याकडून तुम्हाला बहुधा येत नाही. तुमची भेट बहुधा तिसऱ्याच घरातून येते. परतफेडीचं ओझं कुणावरच राहत नाही.

आधी विचारा, मग नावं घाला

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच घाईत सुटते. गटात जेवढे नंबर आहेत तेवढी नावं परस्पर यादीत घालू नका. एखाद्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं आणि ते दिवाळी करणार नसतात. कुणाची नोकरी नुकतीच सुटलेली असते. कुणी त्याच आठवड्यात भारतात जाणार असतं. ही गोष्ट चारचौघांत सांगायला लागू नये.

म्हणून गटावर 'हो की नाही' असं मतदान घेऊ नका. मतदानात 'नाही' म्हणणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं. त्याऐवजी असा निरोप टाका:

'दिवाळीनिमित्त भेटींची अदलाबदल करतोय. ज्यांना यायचं आहे त्यांनी रविवारपर्यंत मला वैयक्तिक निरोप पाठवा. ज्यांना यंदा जमणार नाही त्यांनी काहीही कळवायची गरज नाही. रक्कम जास्तीत जास्त १५ पौंड, टपालखर्च धरून. घरी केलेली वस्तू चालेल, उलट आवडेल.'

या निरोपातली प्रत्येक ओळ कामाची आहे. 'काहीही कळवायची गरज नाही' म्हटलं की न येणाऱ्याला कारण शोधावं लागत नाही. 'जास्तीत जास्त' म्हटलं की कुणी चाळीस पौंडांची भेट आणून बाकीच्यांना संकोचात टाकत नाही. 'टपालखर्च धरून' हे लिहिलं नाही, तर १५ पौंडांच्या मर्यादेचे २० पौंड कधी होतात ते कळत नाही. आणि घरी केलेली वस्तू सगळ्यांसाठीच चालणार असेल, तर ज्याचा हात यंदा आखडलेला आहे तो वेगळा दिसत नाही. घरच्या चिवड्याचा डबा किंवा मुलीने काढलेलं चित्र देणारा आणि दुकानातून आणणारा एकाच रांगेत बसतात.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: चिठ्ठी माणसाच्या नावाची की घराच्या नावाची? मंडळासारख्या गटात घराच्या नावाची चिठ्ठी बरी. चुलत-मावस भावंडांच्या गटात प्रत्येक माणसाची. मुलांसाठी मुलांची वेगळी सोडत काढली तर सात वर्षांच्या मुलीला तिच्याच वयाच्या मुलीसाठी काहीतरी निवडायला मिळतं, आणि त्यात तिची मजा जास्त असते.

सोडत कशी काढायची

पातेल्यात चिठ्ठ्या टाकून एकेक उचलायची पद्धत दिसायला सोपी आहे, पण तिच्यात एक गोम आहे. कुणाच्याच हाती स्वतःचं नाव येऊ नये, असं पहिल्याच फेरीत घडण्याची शक्यता साधारण ३७ टक्केच असते. म्हणजे शंभरांतल्या त्रेसष्ट वेळा निदान एकाला तरी स्वतःचीच चिठ्ठी मिळते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. गंमत म्हणजे माणसं पाच असोत की पन्नास, हा आकडा जवळजवळ तेवढाच राहतो.

ऑनलाइन सोडत काढणारी मोफत साधनं हे काम बिनचूक करतात. एल्फस्टर आणि ड्रॉनेम्स ही त्यांतली दोन बरीच वापरली जाणारी. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. तुम्ही गट तयार करता, नावं घालता, तारीख आणि रकमेची मर्यादा लिहिता. मग प्रत्येकाला आपल्याला मिळालेलं नाव गुपचूप कळतं. गट चालवणाऱ्यालाही सहसा बाकीच्यांची नावं दिसत नाहीत, त्यामुळे तोही खेळू शकतो. शिवाय प्रत्येकाला 'मला काय आवडेल' अशी यादी लिहिता येते.

या साधनांत कोणाची कोणाला चिठ्ठी जाऊ नये, तेही सांगता येतं. नवऱ्याला बायकोची नको, एका घरातल्या भावाला बहिणीची नको, वगैरे. पण हे निर्बंध बेताने घाला. समजा तिघंच आहेत आणि त्यांतले दोघं नवरा-बायको. त्यांनी एकमेकांना द्यायचं नाही म्हटलं, तर दोघांनाही तिसऱ्यालाच द्यावं लागेल, म्हणजे सोडत निघणंच अशक्य. लहान गटात निर्बंध जितके जास्त, तितकी सोडत अडण्याची किंवा कुणाकडे कुणाचं नाव आहे ते ओळखता येण्याची शक्यता जास्त.

ज्यांना कुठेही ईमेल द्यायचा नाही, त्यांच्यासाठी घरगुती पद्धत आहे: गोल. सगळी नावं कशीही उलटसुलट करून एकाखाली एक लिहा. पहिल्याने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि शेवटच्याने पहिल्याला. कुणालाही स्वतःचं नाव येणं शक्यच नाही. नवरा-बायको लागोपाठ आले तर एकाचं नाव उचलून दुसरीकडे ठेवा, झालं. गूगल शीटमध्ये करायचं असेल तर एका रकान्यात नावं लिहा, शेजारच्या रकान्यात रँड हे सूत्र घालून प्रत्येकासमोर एक यादृच्छिक आकडा आणा आणि त्या आकड्यांप्रमाणे क्रम लावा. नावं आपोआप पिसली जातात.

गोलाचा आणखी एक फायदा आहे. सोडतीनंतर कुणी गळालं, तर सगळं मोडावं लागत नाही. जो त्याला देणार होता, त्याने आता पुढच्याला द्यायचं. फक्त एकाच माणसाला नवा निरोप जातो. उशिरा कुणी आलं तर त्याला दोघांच्या मध्ये बसवायचं. तिथेही जुन्या मंडळींपैकी एकालाच बदल कळवावा लागतो. ऑनलाइन साधनात अशा वेळी सोडत पुन्हा काढावी लागू शकते, आणि तोवर कुणी खरेदी केलेली असली तर पंचाईत.

प्रश्न एवढाच, की ज्याच्याकडे हा गोल असतो त्याला सगळं माहीत असतं. म्हणून गोल खेळाबाहेरच्या माणसाकडे द्या. पुण्यातली किंवा साताऱ्यातली आजी याला उत्तम. तिने यादी वहीत उतरवून ठेवायची आणि एकेकाला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायचा: 'बाळा, तुझ्याकडे अमक्याचं नाव आहे हं, कुणाला सांगू नकोस.' नातवंडं आजीला फोन करकरून गुपित काढून घ्यायला बघतात. एरवी रविवारच्या फोनला 'कशी आहेस' आणि 'जेवलास का' यापुढे विषय सरकत नाही. तिथे महिनाभर बोलायला काहीतरी मिळतं.

आवडीनिवडी विचारताना

'काय हवं?' असं विचारलं की आपली माणसं 'काही नको' म्हणतात. म्हणून नेमके चार प्रश्न विचारा. घरात कोणकोण आहे आणि मुलांची वयं काय? खाण्याचं काही पथ्य किंवा ॲलर्जी? घरात कशाची गर्दी झाली आहे, म्हणजे काय आणू नये? आणि मराठी वाचता येतं का, कुणाला?

ॲलर्जीचा प्रश्न वरवरचा समजू नका. आपल्या चिवड्यात शेंगदाणे असतात, लाडवांत काजू-बदाम असतात, आणि इथे शाळेत जाणाऱ्या किती मुलांना त्यांचं वावडं असतं ते आपण पाहतोच. इथल्या बऱ्याच चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ते शाकाहारी घरात चालत नाही. पाकिटावरची घटकांची यादी वाचूनच घ्या आणि घरी केलेल्या फराळाच्या डब्यावर काय काय घातलंय याची चिठ्ठी चिकटवा.

टपाल, जकात आणि सीमा

ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये पाठवायचं असेल तर आकार पाहून भेट निवडा. रॉयल मेलच्या हिशोबात अडीच सेंटिमीटरपर्यंत जाडीचं पाकीट 'मोठं पत्र' ठरतं आणि पार्सलपेक्षा स्वस्तात जातं. मराठी गोष्टींचं पातळ पुस्तक, रांगोळीचे छाप, चहाच्या मसाल्याचं पाकीट, कापडी तोरण हे त्यात बसतं, आणि दारावरच्या फटीतूनही आत जातं. त्यापुढे छोटं पार्सल: ४५ बाय ३५ बाय १६ सेंटिमीटर, दोन किलोपर्यंत. फराळ पाठवायचा तर शंकरपाळे आणि कोरडा चिवडा टिकतो. चकलीचा चुरा होतो, आणि ओल्या नारळाची करंजी तर टपालाने पाठवूच नये.

देशाबाहेरचा मामला वेगळा. भारतातून किंवा दुसऱ्या देशातून ब्रिटनमध्ये येणारी भेट ३९ पौंडांपर्यंत असेल तर तिच्यावर व्हॅट लागत नाही. त्यासाठी ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, काही निमित्ताने पाठवलेली असावी लागते आणि जकातीच्या फॉर्मवर तसं लिहिलेलं असावं लागतं. एकाच खोक्यात चार जणांच्या भेटी असतील तर प्रत्येक वेगळी बांधा आणि फॉर्मवर नावानिशी वेगळी लिहा; मग ही मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र लागू होते. दुधाची मिठाई मात्र भारतातून मागवू नका. तिथून दुग्धजन्य पदार्थ टपालाने आणायला इथे मनाई आहे, त्यामुळे पेढे वाटेतच जप्त होऊ शकतात. परफ्यूम आणि अत्तर रॉयल मेलने परदेशी पाठवता येत नाही.

इथून भारतात पाठवणं त्याहून अवघड. डिसेंबर २०१९ पासून भारतात टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या वस्तूंना 'भेट' म्हणून जकातमाफी मिळत नाही. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद; राखीसोबतची भेटसुद्धा त्यात बसत नाही. म्हणजे तुमची १५ पौंडांची भेट सोडवून घ्यायला मामांना तिकडे पैसे भरावे लागतील. अमेरिकेतही ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी सरसकट माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीची सवलत वेगळी आहे.

या सगळ्यावरचा सोपा मार्ग असा: गट अनेक देशांत असेल तर पार्सल सीमेपलीकडे पाठवूच नका. ज्यांना द्यायचंय त्यांच्याच देशातल्या ऑनलाइन दुकानातून मागवा. मुंबईच्या आत्यासाठी भारतातल्या पुस्तकांच्या दुकानातून, न्यू जर्सीच्या भाच्यासाठी तिकडच्या दुकानातून. मागवताना पावतीवर तुमचं नाव छापून जाणार नाही ना, तेवढं बघा, नाहीतर गुपित दारातच फुटतं.

रकमेची मर्यादासुद्धा देशागणिक वेगळी ठेवा. १५ पौंडांचे थेट रुपये करून पुण्यातल्या भाचीला तेवढीच रक्कम सांगू नका. इथे १५ पौंडांत जशी वस्तू येते, तशी तिकडे कितीला येते ते विचारून आकडा ठरवा. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला खेळात यायचं असतं, पण रक्कम ऐकून ती गप्प बसते.

भेट पोचलीच नाही तर?

खेळात सगळ्यात वाईट प्रसंग हा. सगळे खोकी उघडतायत आणि एका घरातली दोन मुलं रिकाम्या हातांनी पडद्याकडे बघतायत. हे टाळता येतं, त्यासाठी तीन गोष्टी करा.

एक, तारखा मागून मोजा. दिवाळीच्या सहा आठवडे आधी नावं गोळा करा, पाच आठवडे आधी सोडत, आणि दिवाळीच्या दोन आठवडे आधी भेट पाठवायची शेवटची तारीख.

दोन, पाठवल्यावर प्रत्येकाने गट चालवणाऱ्याला किंवा आजीला 'गेली' एवढा एक शब्द कळवायचा, शक्य असेल तर टपालाचा क्रमांकही. ज्याचा शब्द आला नाही, त्याला गटावर न विचारता स्वतः फोन करायचा. बहुतेकदा कारण साधंच असतं: घरात आजारपण, परीक्षा, विसर.

तीन, दोन भेटी राखीव ठेवा. कुणालाही चालतील अशा, एक मुलांची आणि एक मोठ्यांची. ज्या घरी काही पोचलं नाही त्यांच्याकडे ती लगेच रवाना करायची. ती कुणी पाठवली, हे कुणाला कळायचं कारण नाही.

पत्ते कधीही गटावर टाकू नका. ते गट चालवणाऱ्याकडे द्या, आणि ज्याच्याकडे ज्याची चिठ्ठी आहे त्यालाच कळवा. मुलांच्या नावाने कुठे ईमेल नोंदवू नका, पालकांचाच द्या. खेळ संपला की पत्त्यांची यादी पुसून टाका.

उघडायचा दिवस

सगळे एकत्र दिसावेत म्हणून व्हिडिओ कॉल ठेवला तर वेळ जपून निवडा. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत बंद पडते. वीस घरं असतील तर प्रत्येकाला दोनच मिनिटं मिळतात, म्हणून कोणामागून कोण ते आधी ठरवा आणि लहान मुलांना आधी घ्या.

इथली हिवाळी वेळ सुरू झाल्यावर दुपारचे दोन वाजता भारतात साडेसात, दुबईत संध्याकाळचे सहा आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात. मात्र आपलं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं आणि अमेरिकेचं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. दिवाळी कधी कधी नेमकी याच आठवड्यात येते. त्या आठवड्यात न्यूयॉर्कला दहा वाजलेले असतील. निरोपात प्रत्येक गावाची वेळ वेगळी लिहा, म्हणजे गोंधळ नको.

उघडताना मुलांना मराठीत एक वाक्य तरी बोलू द्या: काय मिळालं, कुणी दिलं असेल असं वाटतं. अंदाज चुकला की हशा होतो, आणि मग देणारा पुढे येऊन 'मीच' म्हणतो. ज्या दोन घरांनी आजवर एकमेकांना फक्त गटातल्या फोटोत पाहिलं होतं, ती घरं तिथे पहिल्यांदा बोलतात. पुढे कधी रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली आणि मुलांना कुणाकडे तरी ठेवायचं असलं, तर फोन करायला एक जास्तीचं घर असतं. परक्या मुलखात याची किंमत पंधरा पौंडांहून नक्कीच जास्त.

यंदा दिवाळीपर्यंत जमलं नाही तरी हरकत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात, वाण द्यायचंच असतं, आणि नाताळची टपालातली गर्दीही तोवर सरलेली असते. तिळगुळाच्या पुडीबरोबर चिठ्ठीतली भेट पाठवा.

तर मंडळी, कागद-पेन घ्या, नावं लिहायला लागा. आणि ज्या घराचं नाव तुमच्या गटात कुणालाच चटकन आठवत नाही, त्यांना पहिला फोन करा.